भोकं जुळेनात

आमच्या नागपूरच्या मिहान औद्योगिक वसाहतीत बोइंग ७८७ विमानाचे फ्लोअर बीम बनतात. टाटांच्या कारखान्यात, कंपोझिटचे, म्हणजे कार्बन फायबर आणि रेझिनचे. म्हणजे प्रवाशांच्या पायाखालचा आधार नागपूरचा! पाहुणे आले की मीही हे फुशारकीनं सांगतो. त्याच विमानाचे पंख जपानमधल्या नागोयाचे, पोटाचा मधला भाग इटलीचा, प्रवाशांचे दरवाजे फ्रान्सचे. हे अगडबंब तुकडे अमेरिकेत न्यायला बोइंगनं चार सेकंडहँड ७४७ विमानं घेऊन त्यांची पाठ फुगवली. त्यांची शेपूट दारासारखी बिजागरीवर बाजूला वळते!

पण हिंगण्याला वीस वर्षं छोटं वर्कशॉप चालवतोय, त्यामुळे हे कौतुक मला पुरतं पचत नाही.

एकदा घाईची ऑर्डर होती, म्हणून मशीनची एक फ्रेम दोघांकडे जॉबवर्कला वाटून दिली. वरचा अर्धा एकाकडे, खालचा दुसऱ्याकडे. ड्रॉइंग एकच. जोडायला घेतली तर बोल्टची भोकं जुळेनात. दोघंही टेप लावून दाखवताहेत, "साहेब, माझं बरोबर आहे." आणि होतंही! एकानं मापं डाव्या कडेपासून घेतली होती, दुसऱ्यानं उजव्या. लांबीतला दीड मिलिमीटरचा फरक नेमका तिथे उगवला. रात्री अकरापर्यंत उभं राहून भोकं लांबट केली. त्या दोघांची बिलं पूर्ण निघाली, रात्र माझी गेली.

बोइंगचं याहून वेगळं काय झालं? ८ जुलै २००७ ला (अमेरिकेत तारीख लिहितात ७/८/७, हौस बघा) पहिलं ७८७ वाजतगाजत बाहेर काढलं. फास्टनरचा, म्हणजे भाग जोडणाऱ्या बोल्ट-रिव्हेटांचा तुटवडा होता, म्हणून कित्येक जागी तात्पुरते ठोकलेले. आतून बरंचसं पोकळ. २००८ मध्ये गिऱ्हाइकाला द्यायचं विमान दिलं सप्टेंबर २०११ मध्ये. कारण वेंडरांना, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांना, नुसता माल बनवायला दिला नव्हता. डिझाइनही तुम्हीच करा, पैसाही तुम्हीच गुंतवा, असा सौदा होता. त्यांनी काम पुढे आपल्या वेंडरांना दिलं. कोण कुठे अडलंय, हे बोइंगला उशिरा कळायचं. शेवटी २००९ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका वेंडरचा कारखानाच विकत घ्यावा लागला.

गंमत म्हणजे २००१ मध्येच बोइंगच्याच हार्ट-स्मिथ नावाच्या इंजिनिअरनं कंपनीतल्या परिषदेत पेपर मांडला होता: काम बाहेर दिलं की नफाही बाहेर जातो, आणि जोडताना बिघडलं तर भुर्दंड जोडणाऱ्याला. ऐकतो कोण?

काम वाटूच नये, असं मी म्हणत नाही. तसं असतं तर नागपूरला बीम आले नसते, आणि कार्बन फायबरमध्ये जपान्यांचा हात खरंच बसलेला आहे. पण कोटेशनमध्ये नगाचा दर असतो, जुळवाजुळवीचा नसतो. परचेसवाले तेवढाच दर बघून कामं देशोदेशी पाठवतात.

माझ्या ड्रॉइंगवर आता लाल शाईत बाण असतो: मापं इथून. आणि फ्रेम कुणीही करो, भोकं मी माझ्याच मशीनवर पाडतो. थोडं महाग पडतं. गिऱ्हाईक कुरकुरतं, त्याला ती रात्र कुठे माहीत.