मलम की ऑपरेशन, याआधी बायोप्सी

योनिमुखाच्या त्वचेचा पॅजेट या दुर्मिळ कॅन्सरचा विषय निघाला की मायदेशातून एकच सल्ला येतो: "कॅन्सर ना? मुळासकट काढून टाका, मलमं कसली चोळताय!" या "मुळासकट"ची मला चीड येते. लाल, पांढरट पापुद्र्यांचा चट्टा डोळ्यांना जिथे संपलेला दिसतो, त्यापुढच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीतही पॅजेटच्या पेशी असतात. म्हणून ऐसपैस कापूनही कडा पॉझिटिव्ह येतात, म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या कडेवर कॅन्सरच्या पेशी सापडतात, आणि कडा स्वच्छ आल्या तरी रोग परततो. पुन्हा कापा, फ्लॅप लावा, म्हणजे शेजारची कातडी सरकवून जखम झाका. बसताना ओढ बसते, शरीरसंबंध दुखरे होतात. कडा तपासत थर काढणाऱ्या मोह्स शस्त्रक्रियेत रोग कमी वेळा परततो, पण ती सगळीकडे होत नाही.

इथे नेदरलँड्समध्ये 5 टक्के इमिक्विमॉड हे प्रतिकारशक्ती चेतवणारं मलम आठवड्यातून 3 वेळा, 16 आठवडे देऊन पाहिलं. 2022 साली निष्कर्ष आले: बायका मोजक्याच होत्या, पण निम्म्यांचा चट्टा पूर्ण गेला. त्यावर तिकडचा दुसरा गट म्हणतो, "बघा, परदेशात कापतच नाहीत." तेही चूक. रोग वरच्या थरातच असेल तर मलम. बायोप्सीत तो खाली घुसलेला दिसला तर शस्त्रक्रिया, जोडीला जांघेतल्या लसिका गाठींची तपासणी. बायोप्सीतल्या पेशींत सीके20 हे प्रथिन सापडलं तर मूळ आतड्यात किंवा मूत्राशयात असू शकतं. ते न शोधता मलम लावत बसणं धोक्याचं.

मलम अर्ध्यावर सोडलं तर फसू शकतं. रात्री पातळ थर, सकाळी धुणं. पुढे कातडी सोलवटते, लघवीला आग होते, ताप आल्यासारखं अंग मोडतं. तेव्हा डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबायचं, वेदनाशामक घ्यायचं, आठवड्यातून दोनदावर यायचं. चट्टा गेल्यावरही बायोप्सी करून खात्री करायची आणि पुढे अनेक वर्षं तपासणी चालू ठेवायची.

दूर बसून शिकवता, असं कोणी म्हणेल. निदानाला इथेही उशीर होतोच, खाज म्हणून मलमं इथेही बदलली जातात. पण हा वाद माझ्या भाषेत चालतो, म्हणून गप्प बसवत नाही. स्टेरॉइड आणि बुरशीच्या मलमांनी काही आठवड्यांत न हटलेल्या चट्ट्याची 4 मिलिमीटरची पंच बायोप्सी, म्हणजे गोल पात्याने कातडीचा छोटा तुकडा काढणं, जागा बधिर करून काही मिनिटांत होते. आधी ती मागा, मग भांडा.