‘जरा चालून दाखव’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (वय ७२ लिहिलंयत, म्हणून काका म्हणते.)

आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या सौंदर्य स्पर्धेवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी दुटप्पी आहे, स्पर्धेला नावं ठेवते आणि त्यात उतरणाऱ्या मुलींना पाठीशी घालते, पंचवटीच्या पुण्यभूमीत हे थेर शोभत नाहीत, १९९६ साली बंगळूरला ‘मिस वर्ल्ड’विरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तसं आपणही उतरावं, आणि शेवटी, ‘स्वतःच्या मुलीला पाठवाल का?’

आधी एक कबुली. निवेदिकेच्या मराठीची मी टिंगल केली होती, ती उथळ होती. तो परिच्छेद काल रात्रीच काढला.

आता बंगळूर. त्या ‘मिस वर्ल्ड’ला संस्कृतीवाल्यांचा विरोध होता तसा स्त्री संघटनांचाही होता, फक्त कारणं वेगळी होती. निष्पन्न काय झालं? स्पर्धा बंगळूरलाच झाली, पोहण्याच्या पोशाखाची फेरी तेवढी सेशेल्सला हलवली. मुली त्याच, पोशाख तेच, मधे फक्त समुद्र. एवढ्यावर संस्कृती वाचत असेल तर ती फारच स्वस्तात वाचली म्हणायची.

‘आमच्या घरातल्या मुली असल्या ठिकाणी उभ्या राहत नाहीत,’ असं तुम्ही लिहिलंत. मी उभी राहिलेय. बाविसाव्या वर्षी, गंगापूर रोडच्या एका दिवाणखान्यात, हातात पोह्यांचा ट्रे घेऊन. मुलाच्या आत्याबाई म्हणाल्या, ‘जरा चालून दाखव गं.’ मग केस सोडायला सांगितले. खरे आहेत का ते बघायचं होतं. उंचीची खात्री म्हणून मुलाच्या बहिणीशेजारी उभं केलं. एवढं सगळं न्याहाळून झाल्यावर मी मुलाकडे सरळ बघून त्याच्या नोकरीबद्दल विचारलं, तर निरोप आला: मुलगी दिसायला बरी आहे, पण जरा आगाऊ वाटली. माझ्याकडे सगळ्यांनी बघायचं होतं, मी मात्र कुणाकडे बघायचं नव्हतं. तिथे परीक्षकांच्या हातात गुणपत्रिका नव्हती, इतकाच काय तो फरक.

स्पर्धांचे नियमही याच आत्याबाईंनी केलेत की काय, असं कधीकधी वाटतं. १९५१ साली लंडनला ‘मिस वर्ल्ड’ सुरू झाली ती बिकिनीची स्पर्धा म्हणून. १९७४ची विजेती हेलन मॉर्गन हिला लग्नाआधी मूल झालंय असा गवगवा झाला आणि चार दिवसांत तिला मुकुट सोडावा लागला. व्हेनेसा विल्यम्स ही ‘मिस अमेरिका’ झालेली पहिली कृष्णवर्णीय मुलगी. तिचे जुने नग्न फोटो एका मासिकाने तिच्या परवानगीशिवाय छापले. १९८४ साली पायउतार व्हावं लागलं ते तिलाच. संस्थेने व्यासपीठावरून माफी मागितली २०१५ साली. म्हणजे देह दाखवायचा तो आम्ही सांगू तेव्हा, आम्ही सांगू तेवढाच, आणि तो कुणाच्या उपयोगात आल्याची खूण त्यावर नको.

याहून गंमत आईपणाची. १९९४ साली सुश्मिता सेनला शेवटचा प्रश्न होता स्त्रीत्वाच्या साराबद्दल. तिने उत्तरात आईपण आणलं आणि ‘मिस युनिव्हर्स’ झाली. २०१७ साली मानुषी छिल्लर म्हणाली, सगळ्यात जास्त पगार आईला हवा, आणि ‘मिस वर्ल्ड’ झाली. टाळ्यांचा कडकडाट! पुढच्याच वर्षी युक्रेनच्या विजेतीचा, व्हेरोनिका दिदुसेंकोचा, मुकुट काढून घेतला. कारण ती आई होती. आईपणावर बोललात तर मुकुट, आई असलात तर घरी. (‘मिस युनिव्हर्स’ने २०२३च्या स्पर्धेपासून विवाहितांना आणि आयांना दार उघडलं, हेही सांगायला हवं.)

पंचवटीबद्दल काय बोलू? मी लहानपणापासून सीता गुंफेत वाकून शिरलेय. आपल्या गावाचं नावच शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडलं, असं आजी सांगायची. तिने सीतेवर झडप घातली हे खरंच, तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते. पण कथेची सुरुवात तिने स्वतःहून मागणी घातली इथून होते, आणि घरोघरी तिला नावं ठेवतात ती त्याच निर्लज्जपणाबद्दल. सीतेने तर कुणाला काहीच मागितलं नव्हतं. तिच्याही वाट्याला अग्निपरीक्षा आलीच.

राहिला मुलीचा प्रश्न. ती सतरा वर्षांची आहे. तिने विचारलं तर मी ‘नको’ म्हणेन, कारणंही सांगेन, आणि ती बहुधा ऐकणार नाही. गेलीच तर मी पहिल्या रांगेत बसेन. परीक्षकांबद्दल घरी आल्यावर मनसोक्त वाईट बोलेन. आणि उद्या तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ‘हेच का संस्कार?’ म्हणून फिरवला, तर भांडायला त्याच्या दारात जाईन, तिच्या नाही.