जुन्या गाड्यांसाठी ई-१०, म्हणजे १० टक्के इथेनॉल (ऊस-मक्यापासूनचं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल, ठेवा असं सरकारच्याच नीती आयोगानं म्हटलं होतं ना, मग कुठं आहे ते?

या पावसाळ्यात तिसऱ्यांदा स्कूटर बंद पडली. सकाळी सव्वासहाला, नागपूरच्या मानेवाडा चौकात, भर पावसात. किका मारून पाय भरून आला, मागून हॉर्नचा कल्ला, आणि हिंगणा एमआयडीसीतली पहिली पाळी सातला. अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला.

मेकॅनिकनं टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून दाखवलं. तळाशी पाणी वेगळं बसलेलं. "भाऊ, इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात हे असंच चालणार," म्हणाला. रबरी पाइप फुगलेला होता, तोही बदलला. कार्बोरेटर, पाइप, मजुरी मिळून साडेआठशे रुपये.

माझी गाडी २०१४ ची. ई-२० ला, म्हणजे आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, चालतील असे भाग बसवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या. त्याआधी घेतलेल्यांनी काय करायचं? २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य आधी २०३० चं होतं. २०२२ मध्ये धोरण बदललं आणि ते २०२५-२६ वर आणलं. पाच वर्षं एका फटक्यात कमी केली, पण लोकांच्या गाड्या काही पाच वर्षं आधी नव्या होत नाहीत!

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात हे सगळं लिहिलेलं आहे. मायलेज घटेल हे लिहिलंय. जुन्या गाड्यांसाठी ई-१० मिळत राहावं हेही लिहिलंय. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून ग्राहकाला ते स्वस्त पडावं, असंसुद्धा. म्हणजे माहीत होतं! त्यातलं २० टक्के तेवढं उचललं आणि आमच्या सोयीचं सगळं कागदावर ठेवलं. एका लिटरमागे इथेनॉलमधून पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा मिळते. मग पंपावर मला लिटरचा पूर्ण भाव का लावता? शंभराच्या वर मोजतो मी. पंचेचाळीसचं ॲव्हरेज एक्केचाळीसवर आलं, आणि सर्व्हिसिंग मी एकदाही चुकवलेलं नाही.

पंपावर विचारलं, ई-१० आहे का? पोरगा म्हणाला, "काका, एकच येते." त्याची काय चूक. कोर्टातही झालं, बिनाइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं फेटाळली.

इथेनॉलला माझा विरोध नाही. परदेशी तेल कमी लागावं, शेतकऱ्याच्या हातात पैसा यावा, धूर कमी व्हावा, हे मलाही हवंय. मीही विदर्भातल्या शेतकऱ्याचाच पोरगा आहे. पण त्याचा खर्च जुनी स्कूटर चालवणाऱ्यानंच का सोसायचा? नवी गाडी घे म्हणणाऱ्यांनी हप्ता भरावा माझा. मेट्रोनं जा म्हणतात. ती लोकमान्य नगरला संपते, आणि हुडकेश्वरहून स्टेशन गाठायला तरी गाडी लागतेच ना! बसची वाट पाहत बसलो तर सातची पाळी गेलीच समजा.

प्रत्येक पंपावर ई-१० चं एक नोझल द्या. नाहीतर ई-२० चा भाव त्यातल्या ऊर्जेइतका कमी करा. उद्या पुन्हा सव्वासहाला निघायचंय, पाऊस अजून थांबलेला नाही, आणि टाकीत तेच पेट्रोल आहे.