किंमत ख्रिस्ताने भरली, मग शिष्याला खर्च कसला?

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हातोहात फिरणारा एक संदेश थोडक्यात असा आहे: "तारण (पापातून सुटका) फुकट आहे. किंमत ख्रिस्ताने वधस्तंभावर पुरती भरली. शिष्यपणाची किंमत मोजा असं सांगणारे कृपेत कर्मं मिसळतात. तो कठीण उपदेश बारा प्रेषितांसाठी होता. त्याचं जू सोयीचं आहे, म्हणून जिथे ओझं वाटतं तिथे तो नाही. एकदा मनापासून प्रार्थना केली की झालं, पुढचं देव बघतो. आणि घरच्यांचा द्वेष करा, हे प्रीतीच्या प्रभूचं बोलणं असूच शकत नाही."

हा संदेश लिहिणाऱ्याच्या मनात कृपेबद्दल ओढ आहे, हे दिसतं. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

"तारण फुकट आहे, म्हणून किंमत मोजण्याची भाषा चुकीची"

पहिला अर्धा भाग खरा आहे आणि तो कुणी कुणाकडून हिरावून घेऊ नये. इफिसकरांस पत्र २:८-९ स्पष्ट सांगतं की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नाही. पण ही दोन वचनं पाठ असणाऱ्या पुष्कळांना लगेच पुढचं दहावं वचन आठवत नाही. त्यात म्हटलंय की आपण ख्रिस्त येशूमध्ये सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत.

घोटाळा 'किंमत' या शब्दात आहे. एखादी गोष्ट मिळवण्यासाठी देतो ती किंमत. लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आहे आणि तिथे प्रश्न खर्चाचा आहे. तो माणूस काही विकत घ्यायला निघालेला नाही. हाती घेतलेलं बांधकाम शेवटपर्यंत नेता येईल का, हे तो बसून बघतो. तिथलं ग्रीक क्रियापद 'खडा' या शब्दावरून आलेलं आहे: एकेक खडा मांडून केलेली बेरीज. तारणाची किंमत आपण भरत नाही, भरूही शकत नाही. तारलेल्या माणसाचं आयुष्य मात्र खर्ची पडतं, आणि येशू त्या खर्चाचा आकडा कुणापासून लपवत नाही. अर्धवट बुरूज पाहून लोक हसतात, हेही तोच सांगतो.

"तो उपदेश बारा जणांसाठी होता"

हा मुद्दा मजकूर उघडून पाहिला की टिकत नाही. लूक १४:२५ म्हणतं की लोकांचे थवेच्या थवे त्याच्याबरोबर चालले होते आणि तो वळून त्यांना बोलला. लूक ९:२३ मध्ये तो 'सर्वांना' म्हणाला. मार्क ८:३४ मध्ये त्याने शिष्यांबरोबर लोकसमुदायालाही जवळ बोलावलं.

साधा ख्रिस्ती आणि खास शिष्य अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था नव्या कराराला माहीत नाही. 'ख्रिस्ती' हा शब्द तिथे फक्त ३ वेळा येतो (प्रेषितांची कृत्ये ११:२६ व २६:२८, १ पेत्र ४:१६), तर 'शिष्य' हा शब्द २५० हून अधिक वेळा. अंत्युखिया शहरात 'ख्रिस्ती' हे नाव मिळालं ते शिष्यांनाच. मत्तय २८:१९-२० मधल्या आज्ञेचं मुख्य क्रियापदही 'शिष्य करा' हेच आहे. बाप्तिस्मा देणं आणि पाळायला शिकवणं ही त्याची अंगं आहेत. ज्या मंडळीत बाप्तिस्म्याची तारीख नोंदवली जाते, पण पाळायला शिकवण्याची काहीच सोय नसते, तिथे ही आज्ञा अर्धीच पाळली जाते.

प्रत्येकाचा खर्च सारखा नसतो, हे मात्र खरं. श्रीमंत तरुणाला सगळं विकायला सांगितलं (मार्क १०:२१). जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि येशूने 'उरलेल्या अर्ध्याचं काय?' असं विचारलं नाही (लूक १९:८-९). लेवी नावाचा जकातदार जकातनाका सोडून उठला, तर जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेने आपलं घर उघडं केलं. लूक १४:३३ मध्ये 'सर्वस्वाचा त्याग' असं जिथे वाचतो, तिथल्या क्रियापदाचा मूळ अर्थ 'निरोप घेणे' असा आहे. लूक ९:६१ मध्ये घरच्यांचा निरोप घेऊन येतो म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी तेच क्रियापद आहे. वस्तू कधी हातात राहते, कधी जाते. तिच्यावरचा आपला हक्क मात्र सगळ्यांनाच सोडावा लागतो.

"जू सोयीचं आहे, मग ओझं कशाला?"

जू हे कामाचं साधन आहे. ते विश्रांतीसाठी मानेवर कुणी ठेवत नाही. मत्तय ११:२९ मध्ये 'माझं जू आपणांवर घ्या आणि माझ्यापासून शिका' असं आहे, म्हणजे हेही शिष्यालाच दिलेलं आमंत्रण आहे. जू मापाचं नसलं की बैलाचा खांदा सुजतो, सोलतो. नीट बसलेलं जू तेवढंच वजन ओढतं, पण जखम करत नाही. 'सोयीचं' या शब्दाचा रोख तिकडे आहे. त्याआधीच्या वचनात ज्यांना तो बोलावतो ते कष्टी आणि भाराक्रांत आहेत. त्यांच्या मानेवरचं जुनं जू काढून तो आपलं देतो.

इथे वधस्तंभाबद्दलची एक उलटी चूकही सांगायला हवी. आजारपण, कटकटीचा शेजारी, नोकरीतला जाच यांना 'माझा वधस्तंभ' म्हणायची सवय पडली आहे. लूक ९:२३ मधला वधस्तंभ आपणहून, दररोज उचलायचा आहे, आणि तो येतो ख्रिस्तामागे चालल्यामुळे. रोमी शिक्षेत अपराध्याला आडवं लाकूड वाहून न्यायला लावत; रस्त्यावर तो दिसला की हा परत येणार नाही हे पाहणाऱ्याला कळायचं. तो शब्द ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र होतं. म्हणून घरात मार खाणाऱ्या बाईला 'हा तुझा वधस्तंभ, सहन कर' असं सांगणं हा त्या वचनाचा दुरुपयोग आहे. तिला आधी सुरक्षित जागा मिळायला हवी.

"एकदा प्रार्थना केली की झालं"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे देवाचं वचन. खडकाळ जमिनीतलं बी लगेच उगवतं, आनंदाने उगवतं. मूळ नसल्यामुळे ऊन चढल्यावर करपतं (मार्क ४:५-६, १६-१७). काटेरी झुडपांतलं बी वाढतं, पण त्याला फळ येत नाही. ते खुंटवणाऱ्या तीन गोष्टी मार्क ४:१९ मध्ये आहेत: संसाराच्या चिंता, धनाचा मोह आणि इतर गोष्टींचा लोभ. यातली एकही गोष्ट पहिल्या दिवशी दिसत नाही. देमास हे याचं उदाहरण. फिलेमोन २४ मध्ये तो प्रेषित पौलाचा सहकारी आहे, कलस्सै ४:१४ मध्ये नुसतं नाव आहे, आणि २ तीमथ्य ४:१० मध्ये 'ऐहिक सुख प्रिय मानून' तो निघून गेलेला आहे.

जुनी मंडळी म्हणून तर घाई करत नव्हती. 'प्रेषितीय परंपरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन नियमसंग्रहात बाप्तिस्म्याआधी ३ वर्षं वचन ऐकायला सांगितलंय, आणि लगेच पुस्तीही जोडलीय की कुणी तळमळीचा असेल तर काळ न पाहता वागणूक पाहावी. बाप्तिस्म्यासाठी निवडताना चौकशी होई ती अशी: विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांना भेटला का? दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मुर्णा शहरातल्या मंडळीचा वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प याला ख्रिस्ताची निंदा कर म्हणून दरडावलं, तेव्हा त्याने मी ८६ वर्षं त्याची सेवा केली असं उत्तर दिलं. शेवटच्या दिवसाचं ते धैर्य त्या ८६ वर्षांत रोज थोडंथोडं साठलेलं होतं.

मग रोजचा खर्च नेमका कुठे पडतो?

पहिला, वेळेचा. बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर दिवसाला तीनहून थोडे अधिक. बहुतेकांचं वाचन कुठे अडतं तेही ठरलेलं आहे: उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय दिवसाला तीन या गतीने तिसाव्या दिवशी संपतात, एकतिसाव्या दिवशी लेवीय हे नियमांचं पुस्तक सुरू होतं आणि दोन दिवस चुकले की सहा अध्यायांची थकबाकी उरावर बसते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने नव्या कराराचे २६० अध्याय घ्यावेत. आठवड्याला ५ धरले तर बरोबर ५२ आठवडे होतात, आणि राहिलेलं भरून काढायला दर आठवड्याला दोन दिवस हाताशी उरतात. वाचून झाल्यावर आज पाळायची एकच गोष्ट लिहून ठेवावी. दहा लिहिल्या की एकही होत नाही.

दुसरा, पैशाचा. १ करिंथ १६:२ मध्ये पद्धत दिलीय: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढायचं. आधी काढायचं, म्हणजे उरलंसुरलं नव्हे. पण २ करिंथ ८:१२ ची मर्यादाही तिथेच आहे: जवळ आहे त्या मानाने, नाही त्या मानाने नाही. कर्ज काढून दान देणं या वचनात बसत नाही.

तिसरा, जुन्या गुन्ह्यांचा, आणि हा सगळ्यांना जड जातो. क्षमा मागितली म्हणजे लबाडीने घेतलेलं परत करायची गरज उरत नाही, असं पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. लेवीय ६:५ आणि गणना ५:७ प्रमाणे मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा द्यायचा: १०० घेतले असतील तर १२०. जक्कय चौपटीपर्यंत गेला. करायचं असं: कुणाचं, किती, कधी घेतलं ते कागदावर लिहायचं, स्वतः जाऊन कबूल करायचं, एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवून लेखी द्यायचे. 'पण तुझंही चुकलंच होतं' हे वाक्य तोंडातून निघालं की कबुली फुकट जाते. मात्र ज्या कबुलीने तिसऱ्याच माणसाचा संसार मोडू शकतो, तिथे आधी एका परिपक्व, गुपित राखणाऱ्या विश्वासणाऱ्याचा सल्ला घ्यावा.

चौथा, मानाचा. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीशी अर्पण आणलेल्याला आठवतं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जायचं. समोरचा आपला अपराधी असेल तर मत्तय १८:१५-१७ चा क्रम आहे: आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढे. मंडळ्यांतली बरीचशी भांडणं पेटतात ती ही पहिली पायरी गाळून तिसरीवर उडी मारल्याने.

आणि पडलेल्याचं काय? योहान-मार्क पौलाबरोबरच्या सुवार्तेच्या पहिल्या फेरीतून अर्ध्यावर परतला (प्रेषितांची कृत्ये १३:१३), त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात कडाक्याचं भांडण झालं, आणि तरीही २ तीमथ्य ४:११ मध्ये पौल त्यालाच बोलावून घे म्हणतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणून. हे आणि देमासाचं वाक्य एकामागोमाग एक आहेत. आयुष्यभराची बांधिलकी म्हणजे कधीच न पडणं, असा अर्थ कुणी घेऊ नये.

"घरच्यांचा द्वेष करा, असं तो म्हणणार नाही"

तो तसं म्हणाला (लूक १४:२६). उत्पत्ती २९:३०-३१ मध्ये याकोबाचं आपल्या दोन बायकांपैकी राहेलीवर लेआपेक्षा अधिक प्रेम होतं, आणि लगेच लेआ 'नावडती' असल्याचं म्हटलंय; तिथला मूळ इब्री शब्द द्वेषाचाच आहे. ही तुलनेची भाषा आहे, आणि मत्तय १०:३७ ते उघड करून सांगतं: माझ्यापेक्षा अधिक प्रीती. आईबापांना वाऱ्यावर सोडण्याला यात कुठेही आधार नाही. 'हे देवाला वाहिलंय' म्हणून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना येशूने झाडलं (मार्क ७:११-१३), आणि वधस्तंभावरूनही त्याने आईची सोय लावली. म्हणून घरी विरोध झाला तरी घरखर्चाचा वाटा, आजारपणातली सेवा आणि आदर चालूच राहावा. फक्त ज्या गोष्टीत आज्ञा मोडावी लागते, तेवढ्यापुरताच नकार द्यावा.

संदेश लिहिणाऱ्याची एक भीती मात्र रास्त आहे. लूक १४:३३ चा आधार घेऊन माणसांचा पगार, जमीन, घरच्यांशी असलेला संबंध आपल्या ताब्यात घेणारे पुढारी असतात. दाखल्यातला माणूस स्वतः बसून हिशेब करतो, त्याच्या वतीने दुसरा कुणी करत नाही. शेत विकून काही पैसे लपवणाऱ्या हनन्याला पेत्रानेही सांगितलं की ते शेत तुझंच होतं आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते (प्रेषितांची कृत्ये ५:४). औषध बंद करायला लावणारा, घरच्यांपासून व्यवहार लपवायला सांगणारा, हिशेब विचारला की अविश्वासू ठरवणारा माणूस ख्रिस्ताच्या नावाने स्वतःचा खर्च वसूल करतो आहे. पौलाने मंडळ्यांतून जमवलेली वर्गणी एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, देवासमोर आणि माणसांसमोरही बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). आपल्या मंडळीतल्या दानपेटीची मोजणी दोघांच्या सह्यांनी होते का, आणि तो आकडा सगळ्यांना वाचायला मिळतो का, हे पुढच्या रविवारी विचारावं.