३१ रुपये ५० पैशांची बी

एप्रिलमध्ये माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला आणि त्याच दिवसापासून घरात माझी तर्री बंद झाली. म्हणजे पोहे मिळायचे, पण कोरडे. नागपूरच्या माणसाला कोरडे पोहे देणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना नाही कळणार, जाऊ द्या. लेक बंगलोरला असते, तिने फोनवर सांगितलं की बाबा अ‍ॅव्होकाडो खात जा, त्यातलं फॅट चांगलं असतं. म्हणून गोकुळपेठच्या बाजारातून आणलं. एक. १८० रुपयाला. तेवढ्यात सीझनला किती संत्री येतात याचा हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला आणि मग मुद्दाम विसरलो.

घरी येऊन कापलं तर आत ही एवढी बी, पिंगपाँगच्या बॉलसारखी, गुळगुळीत. ती डस्टबिनमध्ये टाकणार तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "काहून फेकून राहिला रे?"

आई ८१ वर्षांची आहे आणि तिने आयुष्यात कोणतीच बी फेकलेली नाही. फणसाच्या आठळ्या भाजीत, भोपळ्याच्या बिया सोलून लाडवात, जांभळाच्या वाळवून चूर्णात आणि आंब्याच्या कोया भाजून सुपारीत. शिवाय ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, त्यामुळे हिशेबात तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. तिने वजनकाटा काढायला लावला. साल, गर, बी सगळं मिळून २४० ग्रॅम, एकटी बी ४२ ग्रॅम. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे ३१ रुपये ५० पैसे फेकून राहिला होता तू."

यावर काय बोलणार? बी फ्रीजमध्ये गेली. त्यात अंबाझरीला सकाळी फिरायला जातो तिथे एकजण भेटतात, त्यांना कोणत्याही विषयाचं ज्ञान आहे. ते म्हणाले, "भाऊ, सगळी ताकद बीमध्येच असते, गर म्हणजे नुसतं पॅकिंग." झालं. पुढच्या आठवड्यात आणखी दोन अ‍ॅव्होकाडो आले, या वेळेस खरं सांगायचं तर गरासाठी नाही.

पहिली बी मी सरळ मिक्सरमध्ये टाकली. मिक्सरने एकदा घर्र केलं, मग खट् केलं, मग वास आला. बर्डीला नेऊन ब्लेड बदललं, ४५० रुपये. हा आकडा आईला अजून सांगितलेला नाही. दुसरी बी सुरीने कापायला घेतली तर ती इतकी निसरडी की हातातून सुटली, ओट्यावरून उडाली आणि थेट कूलरच्या खाली. मी पालथा पडून झाडूच्या दांड्याने बी काढून राहिलोय आणि वरून कूलरचं पाणी पाठीवर गळून राहिलंय, हे दृश्य बायकोने दारातून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. लग्नाला २६ वर्षं झाली की बोलायची गरज राहत नाही.

शेवटी किसणी काढली. किसणीवर जमलं, आणि इथेच खरा घोळ सुरू झाला. कीस आधी पांढरट दिसत होता, मला वाटलं खोबरंच. फोन आला म्हणून दहा मिनिटं बाहेर गेलो, परत येतो तर ताटलीत केशरी! नारिंगी, गाजराच्या हलव्यासारखा. ओट्यावर केशरी, किसणी केशरी, बोटं केशरी, बनियानला पुसली म्हणून बनियान केशरी. साबणाने निघेना. नंतर कळलं की बी कापली की तिच्यातलं एक एन्झाइम हवेशी मिळून हा रंग करतं, आणि स्पॅनिश लोक मेक्सिकोत गेले तेव्हा या बीच्या रसाची शाई म्हणून लिहायला वापरायचे. बरोबर आहे, माझी बोटं चार दिवस शाई लावून मत देऊन आल्यासारखी होती.

व्हिडिओत सांगतात की ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवा. मे महिन्यात नागपुरात ओव्हन कोण लावतो? गच्चीवर कुरडयांच्या शेजारी एका कागदावर पसरला, वर आईची जुनी ओढणी. दुपारी ४५ डिग्री. संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळून त्याचा लालसर तपकिरी चुरा झाला. तो मी चिमूटभर ताकात घालून तीन दिवस घेतला. चव कशी? कच्ची सुपारी आणि केळीची साल एकत्र चावली की कसं होईल तसं. आधी कडू, मग तुरट, मग जीभ अशी जड होते की तासभर 'र' नीट म्हणता येत नाही. ऑफिसात मी "रजिस्टर" मागितलं तर शिपाई म्हणाला, साहेब तब्येत बरी आहे ना?

चौथ्या दिवशी आई उरलेला ओला कीस ताटलीत घेऊन गेटकडे निघाली. रोज एक गाय येते, तिला द्यायला. नेमका लेकीचा व्हिडिओ कॉल चालू होता, तिने ते पाहिलं आणि ओरडली, "आजी, थांब! गाईला नको!" ही मुलगी बायोटेक शिकलेली. तिने मग सगळ्यांना समोर बसवून क्लास घेतला. अ‍ॅव्होकाडोच्या पानात, सालीत, बीत पर्सिन नावाचं द्रव्य असतं, त्याने गाई, बकऱ्या, घोडे, पक्षी आजारी पडतात. बीचे फायदे म्हणून जे फिरवतात ना, कोलेस्टेरॉल कमी, बीपी कमी, ते उंदरांवरचे नाहीतर काचेच्या भांड्यातले प्रयोग, आणि तेही बीच्या अर्काचे, बाबांच्या चुऱ्याचे नाही. माणसांना खाऊ घालून नीट तपासलेलंच नाही. मेक्सिकोत जुन्या काळी जुलाबावर वगैरे द्यायचे, पण म्हणून रोज ताकात नाही टाकायचं. आणि कॅलिफोर्नियात अ‍ॅव्होकाडो पिकवणाऱ्यांचं स्वतःचं कमिशन आहे, तेच सांगतं की बी खाऊ नका.

हे ऐकून मी हादरलो. कॉटन मार्केटात उभं आयुष्य गेलं, पण आपल्या मालाचा पाचवा-सहावा हिस्सा खाऊ नका असं सांगणारा विकणारा अजून पाहिला नाही.

"मग ही एवढी मोठी बी असते कशाला?" आईने विचारलं.

लेक म्हणाली, असा अंदाज आहे की हजारो वर्षांपूर्वी तिकडे हत्तीएवढे स्लॉथ होते, ते अख्खं फळ गिळायचे आणि बी दुसरीकडे नेऊन टाकायचे. ते संपले, बी तेवढीच राहिली.

आईने गाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. गाईला वाचवलं आणि मला तीन दिवस कोणी थांबवलं नाही, हे फक्त माझ्याच लक्षात आलं बहुतेक.

मी चुरा बंद केला, पण थोडासा एका छोट्या पन्नीत बांधून पँटच्या खिशात राहिला होता, ऑफिसात घ्यायला म्हणून ठेवलेला. संध्याकाळी बायकोने कपडे मशीनला लावताना खिसे तपासले. नागपुरात खिशात पन्नी, पन्नीत लालसर सुपारीसारखा चुरा आणि नवऱ्याची बोटं केशरी, याचा अर्थ एकच होतो. मी तीन वर्षांपूर्वी खर्रा, म्हणजे आमच्याकडचा तंबाखू-सुपारीचा घोटलेला चुरा, सोडला होता. शपथ घेऊन, देवासमोर.

"पुन्हा सुरू केलं ना तुम्ही?"

मी म्हणालो ही अ‍ॅव्होकाडोची बी आहे. आता हे वाक्य तुम्हीच एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

तिचा विश्वास बसेना. ती ती पन्नी आणि मला घेऊन कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर गेली, जिथे मी पूर्वी रोज उभा राहायचो. "भाऊ, हे काय आहे ते तुम्हीच सांगा." त्याने चिमूटभर घेतलं, तळहातावर घोटलं, वास घेतला, जिभेला लावलं आणि लगेच नालीत थुंकला. मग पाणी मागितलं. चूळ भरली. पुन्हा भरली.

"वहिनी, हा खर्रा नाही," तो म्हणाला, "हे आपल्या लाइनचंच नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "साहेब, एवढीच तलप येत असंन तर माझ्याकडून न्या ना, पैसे नंतर द्या. पण हे काहून खाऊन राहिले?"

बायको घरी येईपर्यंत हसत होती. दुसऱ्या दिवशी पोह्यावर दोन चमचे तर्री आली, वर चर्चा नाही. आईने मात्र ती पन्नी मागून घेतली आणि उरलेला सगळा कीस पातेल्यात उकळायला ठेवला. आता दोरीवर माझी तीन बनियानं वाळून राहिली आहेत, तिन्ही गुलाबी. आई म्हणते, डाग तर पडलाच होता, निदान सारखा तरी झाला, आणि २० रुपये तर यात वसूल.