बेस चुकलाय तुझा

परवा मुंजीत, भरल्या हॉलमध्ये, एका गृहस्थांनी मला विचारलं, पुट्टी केली नव्हतीस का? भिंतीबद्दल नाही, माझ्या तोंडाबद्दल. अजून डोकं तापलेलं आहे म्हणून लिहितेय, आणि त्यांचं जवळजवळ सगळं बरोबर निघालं म्हणून जास्तच तापलंय.

आधीचं पटकन सांगून टाकते. मला फाउंडेशन झेपत नाही. इंदुरात स्कूटीवर निघायचं म्हणजे पहिल्यांदा दुपट्टा, डोळे सोडून अख्खं तोंड गुंडाळायचं, वरून हेल्मेट, आणि ऑफिसला पोचेपर्यंत निम्मं फाउंडेशन त्या दुपट्ट्यावर नाक-गाल-हनुवटीसकट छापलेलं. उरलेलं निम्मं दुपारी नाकाच्या कडेला जमा होतं. म्हणून सध्या सगळीकडे जे चाललंय ते टिंटेड सीरम, म्हणजे हलका रंग घातलेलं पातळ सीरम, घेतलं. थोडे थेंब, बोटांनीच पसरायचं, ब्रश नको स्पंज नको, डाग जरा पुसट होतात आणि बाकी चेहरा आपला आपल्याला ओळखू येतो. वर त्यात नायसिनमाइड आणि हायलुरोनिक ॲसिड, म्हणजे मेकअपचा मेकअप आणि औषधाचं औषध. नुसत्या नटण्यावर आठशे रुपये घातले की आपल्याकडे बाईला चार दिवस टोचतं, औषधावर घातले की कुणी काही म्हणत नाही, हा हिशेब त्या कंपनीवाल्यांना बरोबर माहितीये.

घेतलं विजयनगरच्या एका मॉलमध्ये. काउंटरवरच्या मुलीने माझं मनगट उलटं केलं, शिरा बघितल्या आणि जाहीर केलं, "मॅम, आपका अंडरटोन न्यूट्रल है." अंडरटोन म्हणजे कातडीच्या आतून डोकावणारी रंगाची झाक. शिरा हिरव्या दिसल्या तर वॉर्म, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल, आणि काही कळलं नाही तर न्यूट्रल. वर पिवळे दिवे असे की तिथे पालकसुद्धा न्यूट्रल दिसला असता. शेड एकूण सहा. पहिल्या चार कुणासाठी आहेत मला माहीत नाही, आमच्या तीन पिढ्यांत तसं कुणी झालेलं नाही, आणि पाचव्या-सहाव्यात एवढं अंतर की मध्ये अख्खा माळवा राहतो. मीपण तिथेच राहते. शेडची नावं सगळी खाण्याची, हनी काय, आल्मंड काय. आमच्याकडे कुणी काढलं असतं तर रबडीपासून सुरू करून तळलेल्या गराडू कंदापर्यंत नेलं असतं आणि मधल्या सगळ्यांची सोय लागली असती. ती मुलगी मला चौथीच देत होती, "एक शेड लाइट ही लेना मॅम, ब्राइट दिखेगा." फेअर अँड लव्हली 1975 मध्ये आली आणि 2020 मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झाली, पेपरात केवढी चर्चा, पण काउंटरवर हातात अजून एक शेड गोरीच पडते. मी हट्टाने पाचवी घेतली.

मुंज नणंदेच्या मुलाची. हॉल रामबागेकडे, मुहूर्त सकाळचा, त्यामुळे पहाटे ट्यूबलाइटखाली तयार झाले. आधी सनस्क्रीन चोपडलं, कारण सीरमच्या बाटलीवर एसपीएफ 30 लिहिलेलं असलं तरी तो आकडा खरा व्हायला तोंडाला आणि मानेला दोन बोटं भरून लावावं लागतं, थेंब-थेंब लावून होत नाही, आणि दोन बोटं भरून लावलं तर बाटली महिनाभरसुद्धा जायची नाही. तर सनस्क्रीन, लगेच वर सीरम, टिकली, नथ, महेश्वरी साडी, चला. गाडीच्या आरशात मी मला आवडले होते. हे नोंदवून ठेवते.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, लोक पोह्यांकडे वळले. आणि दारापाशी हे काका. नणंदेच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, सियागंजला पेंटचं दुकान, आता मुलगा बघतो, काका फक्त रंग मिसळायच्या टिंटिंग मशीनपाशी बसतात. हातात पोह्यांची प्लेट, वर शेव, त्यावर जीरावन मसाला इतका की पोहे दिसत नव्हते.

"बेटा, इकडे ये जरा. उजेडात ये."

मी नमस्काराला वाकले.

"वाकू नको. तोंड वर कर. हं. आता डावीकडे."

मी वळले. का वळले ते मलाही सांगता येणार नाही, मोठ्या माणसांनी सांगितलं की मान आपोआप वळते.

"काय लावून आलीस?"

"काही नाही काका, सीरम आहे."

"सीरम कसलं, कलर आहे हा. कान वेगळा लागतोय, गाल वेगळा लागतोय. आणि हे इथे," चमचा माझ्या हनुवटीपासून बोटभर अंतरावर, "इथे सोलतंय. पुट्टी केली नव्हतीस का?"

मी हात लावून बघितलं. हनुवटीवर बारीक-बारीक वळ्या आल्या होत्या, वहीवर खोडरबर घासल्यावर येतात तशा. 

"खाली काय मारलंय?"

"सनस्क्रीन."

"वॉटर बेस की ऑइल बेस?"

"जेल आहे काका. सिलिकॉनवालं."

"घ्या!" काकांनी प्लेट खुर्चीवर ठेवली. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "सिलिकॉनवर पाण्याचा रंग कधी धरतो का? गिऱ्हाईक येतं आमच्याकडे, बाथरूमला ऑइल पेंट असतो, हा पठ्ठ्या त्याच्यावर डिस्टेंपर मारतो आणि पावसाळ्यात पोपडे घेऊन दुकानावर भांडायला येतो. बेस चुकलाय तुझा. सुकू किती दिलं?"

"दोन मिनिटं असेल."

"दोन मिनिटं!" ते इतके हसले की मिशीतली शेव उडाली. "दोन कोटमध्ये चार तास देतात माणसं. बरं, शेड पसंत कुठे केला?"

"मॉलमध्ये."

यावर काकांनी डोळे मिटून घेतले. मिटूनच बोलले. "पॅच मारायचा. सुकू द्यायचा. सकाळच्या उजेडात बघायचा, रात्री लाइट लावून बघायचा, मग डबा घ्यायचा. ओला रंग खोटं बोलतो बेटा. सुकला की चढतो."

चढला होता खरंच. पहाटे जो रंग होता तो नऊपर्यंत केशरीकडे सरकला होता, पाणी उडून जातं, खाली रंगाची पूड राहते आणि ती गडद दिसते, त्यात तोंडावरचं तेल मिसळतं. मी हे सगळं नंतर वाचलं. काकांना वाचायची गरज पडली नव्हती.

"डबा दाखव."

"बाटली आहे काका."

"तेच."

आणि मी पर्समधून काढून दिली हो! त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बाटली लांब धरली, मागचे ते मुंगीएवढ्या अक्षरातले घटक वाचायला लागले. ॲक्वा, अमकं, तमकं, करत शेवटच्या ओळीवर आले आणि थांबले. "सीआय 77491. 77492. 77499." तिन्ही आकडे त्यांनी असे वाचले, जसं कुणी मुलांची नावं सांगतंय. "अरे हा तर रेड ऑक्साइड! हा पिवळा, हा काळा. लोखंडाच्या गेटला प्रायमर मारतात ना, त्यातला हा! आणि 77891, टायटॅनियम, पांढऱ्या पेंटचा जीव तो." मग हॉलकडे तोंड करून, चांगल्या खणखणीत आवाजात, "ए अनिल, इकडे ये रे. हिने रेड ऑक्साइड लावलंय!"

अनिल आला. अनिलबरोबर मठ्ठ्याचा ग्लास घेतलेला एक अनोळखी मनुष्यही आला. तिघांनी मिळून माझ्या गालाची पाहणी केली. गच्ची गळते तेव्हा खालच्या मजल्यावर सोसायटीची माणसं जमतात, ओलीकडे बघून माना हलवतात, कुणी काही करत नाही, तसं चाललं होतं.

"काका, ते कॉस्मेटिक ग्रेडचं असतं," मी म्हटलं. "शिसं-बिसं जवळजवळ नसतंच त्यात, शुद्ध केलेलं असतं."

"हो हो, चाळून घेत असतील. केवढ्याला पडलं?"

"799."

"किती माल?"

"30 एमएल."

अनिलने मोबाइल काढला. भागाकार झाला, गुणाकार झाला. "काका, लिटरला 26 हजार 633."

कुणी काही बोललं नाही. स्पीकरवर सनई चालू होती तेवढीच. मग मठ्ठेवाला म्हणाला, "बंगला होऊन जाईल यात." काका म्हणाले, "बाहेरून पण आणि आतून पण. आमचा सगळ्यात भारी इमल्शन घे, तरी लिटरला हजारात बसतो." आणि माझा नवरा, जो आतापर्यंत शेजारी उभा राहून मन लावून पोहे खात होता, तो म्हणाला, "मी म्हणत होतो सकाळपासून, काहीतरी वेगळं दिसतंय." म्हणत नव्हता. सकाळपासून त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं होतं, गाडीची किल्ली विचारायला.

"शेड किती होते यांच्याकडे?" काकांचा शेवटचा प्रश्न.

"सहा."

"सहा? आमच्या कार्डावर हजाराच्या वर आहेत. लोक उशीचा अभ्रा घेऊन येतात, त्याचा रंग बनवून देतो. आणि माणसांना सहा? माणसं काय सहा रंगांची असतात?"

इथे मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण मारली असती तर त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर रेड ऑक्साइड लागलं असतं, म्हणून राहू दिलं.

आता माझी तक्रार ऐका. काकांच्या केसांना डाय आहे. काळा म्हणावा तर काळा नाही, उन्हात जांभळा मारतो, कपाळावर त्याची रेघ, डाव्या कानाच्या पाळीवर डाग, मिशी एका रंगाची आणि डोकं दुसऱ्या. बेस त्यांचाही चुकलेलाच आहे. पण मी त्यांना दारात उजेडात उभं केलं नाही, चार जणी बोलावून मान डावीकडे वळवायला लावली नाही, बाटली मागितली नाही. भावजयीला ते करताच येत नाही. माझा चेहरा मात्र त्या दिवशी सार्वजनिक मालमत्ता होता. सासूबाई, "लावलंच होतंस तर दिसू तरी द्यायचं, नाहीतर पावडर काय वाईट होती." चुलत नणंद, "थकलीस का गं?" एका मावशींनी हळूच विचारलं, मध्ये कावीळ झाली होती का. आणि काहीच न लावता गेले असते तर? तर "बरं नाही का" आहेच. फाउंडेशन लावलं तर "कुठल्या पार्लरला गेली होतीस", काही नाही लावलं तर आजारी, आणि मधलं काही शोधायला जावं तर कावीळ. होमाच्या धुराने डोळे वाहायला लागले, रुमालाने टिपले, तर डोळ्यांखाली दोन पांढुरके ओघळ आणि रुमाल केशरी. मग मी बाथरूममध्ये जाऊन सगळं धुऊनच टाकलं आणि भिक्षावळीला कोऱ्या तोंडाने उभी राहिले. तेव्हा कुणी काहीसुद्धा बोललं नाही, कारण सगळे बटूकडे बघत होते.

सांगायला राग येतो, पण घरी आल्यावर काकांच्या पद्धतीने केलं. पाण्याचं सनस्क्रीन आणलं, ते लावून चहा होईपर्यंत थांबले, मग सीरम, चोळायचं नाही, थापटायचं. बाटली आधी हलवून घ्यायची, नाहीतर रंग तळाशी बसतो आणि वरून नुसतं पाणी मिळतं. शेड मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून, बाल्कनीत जाऊन, तासाभराने बघायचा. आणि धरलं की हो! वळ्या नाहीत, दुपट्ट्यावर अगदी पुसटसा डाग, ऑफिसात दुपारपर्यंत कुणी तब्येत विचारली नाही. मग हे बाटलीवर छापायला काय झालं होतं? पहाटेच्या नाजूक थेंबासारखं वगैरे कवितेला जागा होती, "खाली सिलिकॉन नको" एवढं लिहायला नव्हती. तो रिंग लाइटसमोर तीन थेंब टाकून हसणाऱ्या मुलींचा व्हिडिओ, त्यांना घाम येत नाही, त्यांच्या घरी होम नसतो, त्यांना हेल्मेट नसतं. रंग अजून जुळत नाहीच. पाचवीत थोडी सहावी मिसळली की बरोबर माझा होतो, म्हणजे अजून एक बाटली, अजून 799. हे काकांना कळवलेलं नाही.

आणि काल फोटोवाल्याने लिंक पाठवली. मी उत्सुकतेने उघडली, निदान धुण्याआधीचा एखादा तरी बरा आला असेल. सगळेच बरे आलेत. मी, सासूबाई, गुरुजी, काका, मठ्ठेवाला, सगळे एकाच गुलाबी रंगाचे, कातडी अशी की पंचाहत्तरीच्या आत्याबाई आणि मुंजमुलगा वेगळे ओळखू यायचे ते फक्त घेऱ्यावरून. काकांच्या कानावरचा डायचा डाग गेलाय. माझ्या गालावरचा तीळपण गेलाय, जन्मापासून आहे तो, लहानपणी मी हरवले असते तर आईने त्याच्यावरूनच शोधलं असतं. त्याला मेसेज केला, भैया, तिल वापस चाहिए. त्याने अंगठा पाठवलाय. आणि नणंद म्हणते, बिलात रिटचिंगचे वेगळे लावलेत, दर फोटोमागे.