सगळ्यात मोठी मूळ संख्या: त्या मेसेजमध्ये नेमकं काय चुकलंय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंट यांनी २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचं शोधलं. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिच्यावरचा एक मेसेज फिरतोय, आणि शाळकरी मुलंही तो खरा मानतात. त्याचं म्हणणं असं: ही जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या, २ चा मूळ संख्येइतका घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्याच मिळते, संगणकाने सगळ्या लहान संख्यांनी भागून हे तपासलं आणि आता बँकांचे व्यवहार हिच्यामुळे सुरक्षित होतील.

पहिल्याच विधानात 'आजवर माहीत असलेल्यांत' हे शब्द गळलेत. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केलं. २, ३, ५, ७, ११, १३ यांचा गुणाकार करून १ मिळवा, ३००३१ येतात. या सहांपैकी कशानेही भाग लावा, बाकी १ उरते. ३००३१ म्हणजे ५९ गुणिले ५०९, म्हणजे यादीबाहेरच्या दोन मूळ संख्या हाती आल्या. यादी कितीही लांबवा, हेच होणार.

घाताचं विधान तर साफ चूक. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढं पुरत नाही. ११ घ्या: २ चा ११ वा घात २०४८, त्यातून १ गेला की २०४७. आणि २३ गुणिले ८९ किती? २०४७च! २ चा घात वजा १ अशा रूपातल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, आणि त्या आजवर फक्त ५२ सापडल्यात. ही बावन्नावी.

भागून पाहण्याचं म्हणाल तर ते विश्वाच्या आयुष्यातही संपलं नसतं. खरी पद्धत फार सुंदर आहे, आणि मेसेजने नेमकी तीच गाळली याचं मला वाईट वाटतं. अशा संख्यांसाठीची लुकास-लेमर चाचणी ३१ वर, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ वर, करू. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. ४ चे १४. १४ चे १९४, बाकी ८. ८ चे ६२, बाकी शून्य. पायऱ्या घातांकापेक्षा दोन कमी; इथे घातांक ५, म्हणून तीनच, आणि शेवटी शून्य आलं म्हणजे ३१ मूळ. हेच २०४७ वर केलं तर नवव्या पायरीला १७३६ उरतात, शून्य नाही. ड्युरंट यांच्या संख्येला १३,६२,७९,८३९ पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीला कोट्यवधी अंकांचा वर्ग. आधी फर्माच्या चाचणीने ती 'बहुधा मूळ' ठरली, मग या चाचणीने पक्कं झालं.

राहिली बँक. माहिती गुप्त ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीच्या २०४८ बिटांच्या किल्लीला साधारण ३०९ अंकी दोन मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही संख्या तर जगजाहीर आहे.